शंभरात दहा

दिवाळी अंकात नाटकाची, कादंबरीची, फार तर एखाद्या चित्रपटाची समीक्षा असावी, खेळाची नसावी, असा एक संकेत आहे. आणि तो मोडण्याचा अधिकार माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या शाळामास्तराला नाही, हे मी जाणून आहे. दोन-चार कादंबऱ्या नावावर असल्या म्हणून कोणी समीक्षक होत नाही. तथापि गेल्या दिवाळीत करमाळ्याच्या आमच्या घरी, सोप्यात घोंगडी अंथरून जो खेळ सहा रात्री चालला, त्याने मला जेवढे अस्वस्थ केले तेवढे अलीकडे वाचलेल्या एकाही पुस्तकाने केले नाही. आणि ज्या कृतीने माणूस अस्वस्थ होतो तिची चिकित्सा करणे, याहून समीक्षेचे वेगळे काम ते कोणते?

खेळ आणला माझ्या भाच्याने. तो पुण्याला इंजिनियरिंग शिकतो. सुट्टीत आजोळी येताना पूर्वीची मुले पत्त्यांचा जोड आणीत. याने आणले तीन जाडजूड इंग्रजी ग्रंथ आणि तऱ्हेतऱ्हेच्या फाशांची एक पिशवी. चार बाजूंचा फासा, आठ बाजूंचा, बारा बाजूंचा, आणि सर्वांत मानाचा वीस बाजूंचा. आमच्या आईने तो हातात घेऊन बोराएवढ्या त्या वस्तूवरचे आकडे डोळ्यांजवळ नेऊन पाहिले आणि विचारले, “ह्यात कवड्या कुठं हायत?”

खेळाचे नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. त्याचे मूळ मात्र त्याहून जुने. प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना डावपेच शिकविण्यासाठी १८२४ च्या सुमारास नकाशावर सोंगट्या मांडून लढाई खेळण्याची पद्धत सुरू झाली होती. तिथून निघालेला ओघ दीडशे वर्षांनी या दोघांपर्यंत पोचला, आणि त्यांनी त्यात एक लहानसा बदल केला. एका खेळाडूच्या हाती सारे सैन्य न देता त्यांनी एकच माणूस दिला. तो माणूस कोण, कुठला, शूर की भित्रा, हे खेळाडूने ठरवायचे आणि मग त्याच्या तोंडाने बोलायचे. एकजण सूत्रधार होतो. तो सांगतो, “तुम्ही ओढ्याच्या काठावर उभे आहात, पलीकडे एक पडके देऊळ आहे, आता काय करता?” ज्याने त्याने आपापले सांगावे. जे सहज घडण्याजोगे ते घडते; जे होईल न होईल अशातले, त्याचा निवाडा फासा करतो. यात कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. गोष्ट मात्र पुढे जात राहते आणि आजचा माणूस उद्याच्या बैठकीत आपल्या जखमांसह पुन्हा हजर होतो.

वाचकांच्या लक्षात आलेच असेल की ही कल्पना आपल्याला परकी नाही. आपण हिला सोंग म्हणतो. कोकणातल्या दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरते आणि संवाद नट तिथल्या तिथे जुळवितात. एकनाथांनी सोळाव्या शतकात पैठणला भारुडे रचली, ती बहुतेक सोंगेच आहेत. त्यांत ते जोशी होतात, वासुदेव होतात, गोंधळी होतात, आणि जन्माने ब्राह्मण असून महाराच्या तोंडाने बोलतात. चारशे वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या कातडीत शिरून बोलणे हा काही गमतीचा प्रकार नव्हता. त्या खेळात खरोखरच काही पणाला लागलेले होते.

माझे वडील भारूड करीत. तालुक्यातल्या सप्ताहांतून त्यांना बोलावणे असे. त्यांचे गाजलेले सोंग म्हणजे भवानीकडे सासरच्या एकेका माणसापासून सुटका मागणारी सून. मिशा तशाच ठेवून ते आईचे नऊवारी लुगडे नेसत आणि अशा काही काकुळतीने देवीला साकडे घालीत की बाया हसून हसून डोळे पुसत. आमचे गाव भवानीचेच. गावाबाहेर रावरंभा निंबाळकरांनी अठराव्या शतकात बांधलेले कमलाभवानीचे देऊळ आहे, आणि त्याच्याजवळची शहाण्णव पायऱ्यांची विहीर पाहायला परगावचे लोक येतात. त्या देवीच्या गावात, तिच्याच नावाने, एक मिशाळ सून सासऱ्याचा काटा काढायचा नवस बोलते, आणि कोणाला त्यात पाखंड दिसत नाही. हसू ओसरले की जाणत्याला कळते, की सासू-सासरे म्हणजे मनाला चिकटलेले विकार आहेत आणि सुटका त्यांच्यापासून हवी आहे.

वडील थकले तेव्हा हे सोंग मी घ्यावे अशी त्यांची इच्छा होती. मी नाही म्हटले. शाळेच्या कपाटातले आगरकर वाचून मी तरुणपणीच नास्तिक झालो होतो, आणि तरुण नास्तिकाला जी एक ताठ मान असते ती मला होती. “जे मानत नाही ते बोलू कसा?” असे मी त्यांना विचारले. ते काही बोलले नाहीत. आज मला वाटते की माझा प्रश्न प्रामाणिक होता, पण अडाणी होता.

असो. भाच्याने पात्रे वाटली. भाचीला दोरावरून चढणारी, कुलपे उघडणारी एक चपळ पोर मिळाली; शेजारच्या मुलाला तलवारबहाद्दर; आणि मला मुद्दाम पुजारी. “मामा, तुम्हांला हेच अवघड जाईल,” तो म्हणाला. नवख्यांना मजा यावी म्हणून त्याने आम्हां सर्वांना एकदम दहाव्या पायरीवर नेऊन ठेवले. या खेळात माणूस पहिल्या पायरीपासून विसाव्यापर्यंत चढत जातो.

आता समीक्षकाच्या भूमिकेवर येतो. या खेळातला देव कसा आहे?

१९८० साली या खेळाच्या प्रकाशकांनी देवदेवतांचे एक स्वतंत्र पुस्तक काढले. त्यात ग्रीक, मिसरी देवांच्या पंक्तीला आपलेही देव बसविले आहेत. इंद्र आहे, अग्नी आहे, विष्णू आहे, काली आहे. प्रत्येकाच्या नावाखाली त्याचे बळ किती, त्याला किती घाव सोसतात, याचे आकडे आहेत. भाच्याने ती पाने मला मोबाइलवर दाखविली तेव्हा मला राग आला, आणि मग त्या रागाचे नवल वाटले. देव नाही म्हणणाऱ्याने देवाचा आकडा पाहून का चिडावे? विचार केल्यावर उलगडा झाला. मी जे नाकारतो ते मोठे आहे. पिढ्यान् पिढ्यांची भीती, आशा, गाणी, उपास त्यात आहेत. मी एका पर्वतापुढे उभा राहून ‘याच्यावर कोणी राहत नाही’ म्हणतो. या पुस्तकाने पर्वताचा खडा करून खिशात घातला होता. त्यापेक्षा एकनाथांच्या भारुडातली थट्टा शतपटीने आदराची, कारण ती ज्यांच्या देवाची थट्टा त्यांच्यासमोर उभी राहून केलेली आहे.

अमेरिकेतल्या काही धार्मिक मंडळींना याच्या उलट भीती वाटली. हा खेळ मुलांना सैतानाची पूजा शिकवितो, अशी ओरड त्यांनी १९८० नंतरच्या काही वर्षांत केली. त्यासाठी १९८३ मध्ये एक संघटनाही निघाली. पुढे १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत प्रकाशकांनी सैतान आणि राक्षस यांची प्रचलित नावेच काढून टाकली आणि तिथे बनावट नावे घातली. माझ्या मते आक्षेप घेणाऱ्यांनी चुकीच्या जागी बोट ठेवले. खेळात सैतान आहे ही काही अडचण नाही. खरी अडचण अशी आहे की खेळातला देव फारच खात्रीचा आहे.

हे जरा स्पष्ट करायला हवे. त्या कल्पित जगात पुजारी मंत्र म्हणतो आणि डोळ्यांदेखत जखम भरते. रोज अमुक इतके मंत्र, निजून उठले की पुन्हा तितकेच. तिथे नास्तिक होणे म्हणजे भर पावसात उभे राहून पाऊस नाही म्हणणे. माझ्यासारख्याला तिथे जागाच नाही. पण गंमत अशी की आमच्या आईलाही तिथे जागा नाही. जिथे देव वाण्याच्या उधारीच्या वहीसारखा हिशेबाने वागतो तिथे श्रद्धा कशाला हवी? त्या जगात देव आहेत आणि श्रद्धा नाही. आपल्या जगात श्रद्धा आहे. देव आहे की नाही याबद्दल माझे आणि आईचे वीस वर्षांचे भांडण आहे. ते भांडण होऊ शकते हेच आपल्या जगाचे मोठेपण, असे मला आता वाटू लागले आहे.

याबाबतीत आपला जुना मोक्षपटही निर्दोष नाही. परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगते. त्यांच्या काळचा पुरावा मात्र कोणी दाखविलेला नाही, आणि आज पाहायला मिळणारे जुने पट त्यांच्यानंतर कित्येक शतकांचे आहेत. सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप, वर वैकुंठ. हाच पट इंग्लंडात जाऊन आला आणि सापशिडी झाला. शिकवण कर्माची, पण खेळणाऱ्याला कर्म करायची सोयच नाही! चांगुलपणाच्या शिडीवर चढायचे ते फासा पडला म्हणून, आणि लोभाच्या सापाने गिळायचे तेही फासा पडला म्हणून. अमेरिकन खेळाने ही उणीव भरून काढली. तिथे आधी माणूस ठरवितो आणि मग फासा पडतो. वेरूळच्या लेण्यांत शिवपार्वती द्यूत खेळताना कोरले आहेत. देवालाही दान काय पडेल ते ठाऊक नाही, ही त्या शिल्पामागची कल्पना मला या दोन्ही खेळांहून खोल वाटते.

तथापि या खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीत एक कलम असे आहे की ज्याने लिहिले त्याला मी मनोमन नमस्कार केला. पुजारी दहाव्या पायरीवर आला की त्याला देवाला थेट हाक मारता येते. मंत्र नाही, हिशेब नाही, नुसती हाक. मग दहा बाजूंचे दोन फासे टाकायचे, एक दशकाचा, एक एककाचा. पुजारी जितक्या पायरीवर, तितका किंवा त्याहून कमी आकडा पडला तर देव धावून येतो. म्हणजे माझ्या पुजाऱ्याची हाक शंभरात दहा वेळा ऐकली जाणार. देव आला तर सात दिवस पुन्हा हाक मारायची नाही. न आला तर रात्रभर विसावा घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा मारता येते.

पाचव्या रात्री भाचीची ती चपळ पोर पडक्या देवळाच्या तळघरात घायाळ झाली. माझे सारे मंत्र संपले होते. भाचा म्हणाला, “मामा, एकच उपाय उरलाय. पण नुसते फासे टाकायचे नाहीत. पुजारी काय बोलतो ते बोलून दाखवा.”

मी बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही, कारण ते लिहिण्याजोगे काही नव्हते. पण बोलता बोलता माझ्या ध्यानात आले की हा वडिलांचा स्वर आहे, त्या मिशाळ सुनेचा. काकुळती तीच, फक्त तिच्यातले हसू नव्हते. सोप्यात सारी चिडीचूप झाली. कोपऱ्यात वाती वळीत बसलेल्या आईचे हात थांबले. मी फासे टाकले. त्रेसष्ट.

“पुन्यांदा टाक की,” आई म्हणाली.

“आज नाही टाकता येत, आजी. नियम आहे. उद्या.”

“उद्या तर उद्या. टाकंल त्यो,” असे म्हणून तिने पुन्हा वात वळायला घेतली.

भाचीची पोर त्या रात्री खेळात गेली. आणि मला जी गोष्ट आठवू नये असे वाटत होते ती आठवली. वडील शेवटच्या आजारात अंथरुणावर होते तेव्हा आई रोज पहाटे कमलाभवानीच्या देवळाच्या पायऱ्या चढून येई. एके दिवशी ती परत आल्यावर मी तिला विचारले होते, “आली का तुझी देवी?” नास्तिकाच्या तोंडी हे वाक्य शोभते असे मला त्या वेळी वाटले. आईने उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा गेली. वडील वाचले नाहीत. तिचे जाणे थांबले नाही.

मी तिला अंधश्रद्ध समजत होतो. म्हणजे देव हमखास येतो असे मानणारी. तिने मात्र तसे कधीच मानलेले नव्हते. शंभरात दहा की शंभरात शून्य, हा आकडा तिने विचारलाच नव्हता. ‘उद्या टाकंल’ एवढेच तिचे शास्त्र. हमखास गुण देण्याची हमी देणारा भोंदू बुवा असतो, आणि त्याच्याविरुद्ध आयुष्य वेचणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात मारेकऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यांच्या चळवळीतले कार्यकर्ते गावोगाव बुवाचे सोंग घेतात, चमत्कार करून दाखवितात आणि मग त्यातली हातचलाखी उघड करतात. तेही सोंगच, आणि तेही लोकांच्या भल्याचे. बुवाची खात्री आणि आईचे ‘उद्या’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे मला चळवळीच्या पुस्तकांतून कळायला हवे होते. कळले ते फाशातून.

यावरून देव आहे असे सिद्ध होते काय? मुळीच नाही. मी होतो तसाच आहे. वडिलांना मी जो प्रश्न विचारला होता त्याचे उत्तर मात्र मला मिळाले. डॉ. श्रीराम लागू उघड नास्तिक होते. देवाला आता निवृत्त करावे असे त्यांनी लिहिले होते. त्याच लागूंनी १९७० साली रंगभूमीवर आलेल्या ‘नटसम्राट’मध्ये विधात्याला जी हाक मारली ती ऐकून अस्तिकांच्या अंगावर काटा आला. ते खोटे बोलत होते काय? सोंग घेणारा स्वतः मानतो की नाही, हा प्रश्न दुय्यम आहे. ज्याचे सोंग घेतले त्याला आतून पाहिले की नाही, हा खरा प्रश्न आहे. मी वीस वर्षे आईशी वाद घातला तो बाहेर उभा राहून.

खेळाचे दोष सांगितले नाहीत तर ही समीक्षा व्हायची नाही. ग्रंथ अतोनात जाड आहेत, आणि नियमांच्या जंगलात गोष्ट हरवते. मारामारीला त्यात वाजवीपेक्षा फार बक्षीस आहे; दहा शत्रू मारणारा भराभर पायऱ्या चढतो आणि शत्रूशी समेट करणाऱ्याला सूत्रधाराच्या मेहेरबानीवर राहावे लागते. सारे काही इंग्रजीत. आईसाठी मला जागोजागी मराठी करून सांगावे लागले. पण सर्वांत मोठा दोष नवाच आहे. २०२४ साली निघालेल्या सुधारित नियमांत ते हाकेचे कलम बदलले. फासे काढून टाकले. आता दहाव्या पायरीचा पुजारी देवाला बोलावतो आणि काम हमखास होते. विसावा घेतला की पुन्हा तयार. खेळाडूंना निराश व्हायला लागू नये, असा यामागचा हेतू असावा, आणि खेळ विकणाऱ्याच्या दृष्टीने तो गैर नाही. पण साऱ्या ग्रंथात जी एकच जागा देवळासारखी होती तिचे त्यांनी दुकान केले. आमच्या सोप्यात जुनाच नियम चालेल, असे मी भाच्याला बजावून ठेवले आहे.

गुण मात्र दोषांहून थोर आहेत. चार माणसे एका दिव्याखाली बसतात, एकजण बोलतो तेव्हा बाकीचे ऐकतात, आणि दुसऱ्याच्या दुःखात काय करावे याचा विचार तास तास करतात. ज्या घरात दिवाळीच्या रात्री प्रत्येकजण आपापल्या मोबाइलमध्ये तोंड घालून बसतो, त्या घराने हा खेळ जरूर आणावा. पुस्तके नसली तरी चालेल. एक फासा, एक सूत्रधार, आणि सोंग घ्यायची तयारी असली की झाले. आणि ही तिसरी गोष्ट आपल्या रक्तात आहे.

सहाव्या रात्री आम्ही त्या पोरीच्या दहनाचाच प्रसंग खेळलो. पुजाऱ्याने पुन्हा हाक मारण्यापूर्वीच बैठक मोडली, कारण पहाटेच्या एस. टी. ने भाच्याला पुण्याला निघायचे होते. तेव्हापासून खेळ तिथेच अडून आहे. अधूनमधून भाच्याचा फोन येतो. ख्यालीखुशाली झाली की आई फोन घेते आणि न चुकता विचारते, “तुज्या मामाच्या त्या पुजाऱ्याचं फुडं काय?” तो सांगतो, “दिवाळीला, आजी.”

दिवाळी आली. सोप्यात घोंगडी पुन्हा अंथरली जाईल. फासे माझ्या हाती येतील तेव्हा शंभरात दहाच्या आशेवर मी काय बोलेन हे मला आज ठाऊक नाही. पण माघात शेजारच्या गावी सप्ताह आहे, आणि तिथल्या मंडळींना मी होकार कळविला आहे. लुगडे आईने ट्रंकेतून काढून उन्हात घातले आहे. मिशा ठेवायच्या की नाही, एवढेच अजून ठरायचे आहे.